नागमाशी डसली तेव्हा
शेवंती कापडगिरणीत वाइंडिंगला, म्हणजे सूत गुंडाळायच्या कामाला होती. लालबागच्या आमच्या चाळीत ती आणि तिचा नवरा बुधाजी राहायचे. छप्पन सालच्या जानेवारीत संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटली, गोळीबार झाला, करफ्यू लागला. मोर्चाला गेलेला बुधाजी परत आला नव्हता.

त्या दुपारी शेवंतीनं कोळशाची पाटी ओढली. मागं एक निळी-काळी माशी स्वतःपेक्षा मोठा, लुळा पडलेला कोळी फरफटत नेत होती. शेवंतीचा हात नेमका तिच्यावर पडला. बोटात निखारा घुसल्यासारखी कळ आली नि ती तिथंच बसली.

ओरडणं ऐकून शेजारचे भिवाकाका धावत आले. माशी बघून ते पांढरे पडले. चाळीत तिला नागमाशी म्हणत. तिच्यात नागाचं विष असतं, असं सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलेलं. काकांनी सुतळी घेऊन शेवंतीचं मनगट करकचून बांधलं.

“सोडू नको, बाय. वर चढलं तर संपलं.”

कळ थोड्याच वेळात ओसरली, पण त्यानं शेवंती जास्तच घाबरली. हात बधिर होत होता, बोटं जांभळी पडत होती. विष भिनतंय, असंच तिला वाटलं. खाली पोलिसांच्या गाड्या फिरत होत्या. बाहेर पडायची कुणाची छाती नव्हती. बुधाजी जिवंत आहे का, एवढं तरी मरायच्या आधी कळावं, असं ती काकांच्या बायकोला, बकुळाला, पुन्हा पुन्हा सांगत होती.

संध्याकाळी करफ्यू सैल झाल्यावर दोघांनी तिला परळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आधी सुतळी कापली. रक्त परतलं तशी ती कळवळली. मग त्यांनी माशी कशी होती ते विचारून घेतलं.

“नागाचा हिच्याशी काही संबंध नाही,” ते म्हणाले. “गांधीलमाशीच्या जातीतली आहे, पिल्लांसाठी कोळी पकडते. ठणका जबर, पण लवकर जातो. हात काळा पडला तो सुतळीनं.”

दुसऱ्या दिवशी बुधाजी पोलीस कोठडीतून सुटून आला. शेवंतीच्या दोन बोटांना मात्र पुन्हा स्पर्श कळला नाही. वाइंडिंगचं काम गेलं, झाडलोटीचं मिळालं. भिवाकाका तिच्याशी मान वर करून बोलेनात. तिनं त्यांना कधी बोल लावला नाही.

पुढं ती आम्हा पोरांना डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं समजावून सांगायची. पण तसली माशी घरात शिरली की स्वतः गॅलरीत जाऊन उभी राहायची, आणि माशी गेली असं कुणी सांगेपर्यंत आत यायची नाही.