गुरुवारचा तास आणि मांडलेले देव

शाळेत संगीताच्या बाईंची जागा कुठे असते, हे मला नोकरीच्या पहिल्याच महिन्यात कळलं. चित्रकलेच्या सरांच्या थोडी खाली आणि घंटा देणाऱ्या शिपायाच्या बरीच खाली. शिपाई रजेवर गेला तर शाळा अडायची. मी रजेवर गेले तर कोणाच्या लक्षातसुद्धा यायचं नाही, फक्त त्या दिवशी पाहुणे येणार नसले पाहिजेत. पाहुणे येणार म्हटलं की मी एकदम अत्यावश्यक सेवेत. पेटी पुसा, चार बऱ्या आवाजाच्या मुली निवडा, स्वागतगीत बसवा. कारखान्याचा संचालक असो, बँकेचा साहेब असो, नाहीतर पोरांना लस टोचायला आलेला डॉक्टर असो, सगळ्यांना आम्ही भूप रागातल्या त्याच एका गाण्यानं ओवाळलं. लस टोचणाऱ्याच्या स्वागताला मुलींचा आवाज जरा कापायचा, इतकाच फरक.

हे नव्वदीच्या मधल्या वर्षांतलं. मी बारामतीत राहायचे आणि एसटीनं लासुर्ण्याच्या अलीकडे उतरून एका वाडीवरच्या शाळेत जायचे. आठवीला गुरुवारी संगीताचा एक तास होता, आणि त्या तासावर मुख्याध्यापकांचा डोळा होता. ते स्वतः गणित शिकवायचे. "बाई, हा एक तास मिळाला ना, तर माझी निम्मी पोरं बीजगणितात तरतील," असं ते दर सोमवारी म्हणायचे. माणूस वाईट नव्हता, पण ज्याला बेरीज नाही अशी कुठलीही गोष्ट त्यांना करमणूक वाटायची. आठवीचा तास गेला की पाचवी-सहावीचे जायला वेळ लागला नसता, आणि मग मी पेटीसकट घरी. माझी जागा होतीच अर्धवेळ. ती पूर्ण रिकामी करायला एक फटका पुरे होता.

अशात बारामतीला संगीत शिक्षकांचं प्रशिक्षण निघालं. विषय काय, तर जगातलं आणि आपल्या मातीतलं लोकसंगीत वर्गात कसं आणावं. मुख्याध्यापक म्हणाले, "जाऊन या. नंतर शिक्षण खात्याचे साहेब तुमचा पाठ बघायला येणार आहेत. त्यांनी उपयोगी आहे म्हटलं तर तास तुमचा, नाहीतर गणिताला." हे बोलताना त्यांचा चेहरा इतका प्रसन्न होता की माझं डोकंच फिरलं.

प्रशिक्षणाला पुण्याहून एक मॅडम आल्या होत्या. सुती साडी, खांद्याला झोळी आणि हातात भलामोठा टेपरेकॉर्डर. त्यांनी आफ्रिकेतल्या कोळ्यांचं गाणं ऐकवलं, कुठल्या तरी डोंगराळ देशातल्या बासऱ्या ऐकवल्या, आणि डोळे मिटून डोलल्या. आम्ही दोन तालुक्यांतले झाडून सगळे संगीत शिक्षक सतरंजीवर बसून, आता चहा येईल या आशेवर, त्यांच्याबरोबर डोललो. मग त्या म्हणाल्या, गट करा आणि यातलं एकेक गाणं वर्गासाठी बसवून दाखवा.

दुपारी सादरीकरण झालं. पणदऱ्याच्या सरांच्या गटानं डोंगरातल्या बासऱ्यांची चाल पेटीवर घेतली आणि तिच्यात शब्द घातले, "या हो या, पाहुणे या." दुसऱ्या गटानं आणखी कुठल्या देशातलं अंगाईगीत तीनतालात बसवून प्रमुख अतिथींना अर्पण केलं. आमच्या गटानं आफ्रिकेतल्या कोळ्यांना भूप रागात घातलं आणि शेवटी गुलाबपुष्पाचा उल्लेख केला. आम्हाला यात काहीच वावगं वाटलं नाही. गाणं हातात आलं की त्याचं स्वागतगीत करायचं, हेच आम्ही वर्षानुवर्षं केलेलं. मॅडम मात्र रडकुंडीला आल्या. "अहो, ते मासे पकडताना म्हणायचं गाणं आहे! स्वागत कुणाचं करताय, माशांचं?"

बावड्याचे सर, आमच्यातले सगळ्यात ज्येष्ठ, शांतपणे म्हणाले, "म्याडम, आमच्याकडं कोणी ना कोणी येतंच. मासे काय दर आठवड्याला येत न्हाईत."

शेवटच्या दिवशी मॅडमनी हात जोडून सांगितलं, निदान एक तरी गोष्ट आपल्या गावातली घ्या, आणि जशी आहे तशी वर्गात आणा. जशी आहे तशी. सगळ्यांनी मुकाट्यानं लेझीम सांगितलं. मी गजी ढोल म्हणाले, धनगरांचा ढोलाभोवतीचा नाच. वाडीवरच्या माझ्या निम्म्या वर्गाच्या घरी एकेकाळी मेंढरं होती. आता घरोघरी ऊस होता, कुणाचा बाप कारखान्यात, कुणाचा भाऊ ट्रॅक्टरवर. पण बिरोबाच्या जत्रेला रुमाल उडवत ढोलाभोवती रिंगण धरणारे तेच होते. वर्गात मात्र ही पोरं माझ्यासमोर सा रे ग म म्हणताना जांभया द्यायची.

त्या रिंगणाचे म्होरके म्हणजे माझ्या वर्गातल्या एका मुलीचे आजोबा. सगळे त्यांना आबा म्हणायचे. कारखान्याच्या वजनकाट्यावरून निवृत्त झालेले, मिशी आकडेबाज, आणि स्वतःच्या आवाजावर भलते खूश. ओवी गाताना मधली ओळ आठवली नाही तर बेधडक नवी घालायचे, आणि ती जुनीच आहे असं शपथेवर सांगायचे. मी त्यांच्याकडे गेले तर त्यांनी आधी माझी उलटतपासणी घेतली.

"बाई, मागं एका सत्काराला बोलावलं आमाला. सुंबरान मांडलं, आन् लगीच एक पुढारी म्हणला, गुंडाळा आता, भाषण हाय. आमी गुंडाळलं. त्या वर्षी ढोल फाटला, आन् माझी म्हस आटली."

गाण्याआधी देवांना नावं घेऊन बोलवायचं, म्हणजे सुंबरान मांडायचं. हजर असलेल्या प्रत्येकाचा देव त्यात यायला हवा, आणि एकदा मांडलं की गाणं पुरं झाल्याशिवाय मोडायचं नाही, असा आबांचा कायदा होता.

"तुमी मधी थांबवनार न्हाय ना?"

"नाही थांबवणार," मी म्हणाले.

"येळ किती हाय?"

"पस्तीस मिनिटं."

आबा इतके हसले की आतून त्यांची सून बाहेर बघून गेली. "पस्तीस मिंटात देवच जाग्यावर बसत न्हाईत, बाई."

मोबदला म्हणून त्यांनी वेगळीच मागणी केली. त्यांना पेटी शिकायची होती. जन्मभर ढोल ऐकून त्यांचे कान किटले होते म्हणे. मग रोज शाळा सुटल्यावर निम्मा वेळ आबा पोरांना शिकवायचे आणि निम्मा वेळ मी आबांना. भाता ते म्हशीची धार काढल्यासारखा ओढायचे. मुली रिंगणात घ्यायला त्यांनी आधी साफ नकार दिला; हा बाप्यांचा खेळ, बायकांनी कधी धरलेला नाही. मी म्हटलं, वर्ग मुलामुलींचा आहे, जमत नसेल तर पेटीही बंद. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि म्हणाले, "सरकारी काम हाय म्हनून चालंल." नातीनं त्याच दिवशी घरातल्या ढोलाचा ताबा घेतला.

साहेब आले ते जीपमधून. कडक इस्त्री, चकचकीत बूट, बोलणं एकदम छापील. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं, स्वागतगीत सुरू करा म्हणून. मी छताकडे पाहिलं. वर्गाच्या दारात आबा उभे. "सायेब, पायतान भाईर." साहेबांनी बूट काढले. मुख्याध्यापकांनीही काढले, त्यांच्या मोज्याला भोक होतं, हे बघून मला फार बरं वाटलं.

बाकं भिंतीला लावली होती. ढोल लागला, पोरं रिंगणात उभी राहिली आणि आबांनी देव बोलवायला सुरुवात केली. पोरांच्या घरचे देव आले, शेजारच्या वाड्यांचे आले, वाटेतले म्हसोबा आले. वेळ कसा जात होता, ते मला मुख्याध्यापकांच्या पायाच्या अंगठ्यावरून कळत होतं. मग आबा त्यांच्याकडे वळले. ते दचकून म्हणाले, "तुळजापूरची भवानी." तिला जागा मिळाली. माझी जोगेश्वरी बसली. मग आबा साहेबांसमोर उभे राहिले.

"चालू द्या, चालू द्या," साहेब म्हणाले.

"देव सांगा, सायेब."

"माझं राहू द्या. मी फक्त पाठ बघायला आलो आहे."

"ऱ्हाऊ देऊन चालत न्हाय. एकाचा ऱ्हायला तर कुनालाच उठता येत न्हाय."

ढोल चालूच होता. साहेबांनी घड्याळ पाहिलं, दाराकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं. मग मान खाली घालून, अगदी हळू म्हणाले, "आमचा बिरोबा हाय. माणदेशातला."

मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते म्हणून मला ऐकू आलं. तोच उच्चार माझ्या वर्गातली पोरं करायची आणि मुख्याध्यापक त्यांना सुधारायचे. आबांनी तो देव इतक्या मोठ्या आवाजात बसवला की शेजारच्या वर्गातल्या पोरांनी खिडकीला गर्दी केली. घंटा झाली. कोणी हललं नाही. शिपायाला वाटलं ऐकू गेली नाही, त्यानं पुन्हा दिली. पुढचा तास गणिताचा होता, तोही गेला. आबा ओळ टाकत होते, पोरं मागून झील धरत होती, आणि मध्येच माझ्या लक्षात आलं की साहेब खुर्चीवर नाहीत. ते खाली मांडी घालून बसले होते आणि पोरांबरोबर झील धरत होते. त्यांना ती येत होती. एकदाही चुकले नाहीत. मी मनात म्हटलं, बये, तास वाचला.

मधल्या सुट्टीला आबा थांबले आणि आम्ही ऑफिसात चहाला बसलो. साहेबांच्या पायात बूट परत आले होते. मुख्याध्यापकांनी विचारलं, "मग, संगीताचा तास?"

"मुलांना आवडलं," साहेब म्हणाले. "पण तास गणिताला द्या."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "साहेब, तुम्ही स्वतः आत्ता..."

"बाई, या पोरांना गणित नाही आलं तर ती याच वाडीवर राहतील. मी गणितावर बाहेर पडलो. ढोल वाजवून आमच्यात कोणी साहेब झालेलं नाही."

माझा तोल गेला. नोकरी जाणारच होती, मग भीड कशाला? "मग झील कशाला धरलीत? खुर्चीवर बसून बघायचं होतं ना नुसतं!"

मुख्याध्यापकांनी बशी खाली ठेवली. साहेबांनी कपातला उरलेला चहा संपवला. "राहवलं न्हाय," ते म्हणाले. इतकंच. मला त्याचाही राग आला, कारण त्यांचं म्हणणं मला खोडता येत नव्हतं.

तेवढ्यात आबा आत आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, पण ते दारातून सगळं ऐकत होते, आणि चहा मिळाला नाही म्हणून तसेही घुश्शात होते.

"तास गनिताला द्या की, आमचं काय म्हननं न्हाय," ते म्हणाले. "पर आधी सुंबरान पुरं हू द्या. मी जेवायपुरता थांबलोय. देव मांडलेलं हाईत आत. तुमची भवानी हाय, सर. सायेबांचा बिरोबा हाय. त्येंला तसंच बसवून गनित शिकवता का?"

मुख्याध्यापक म्हणाले, "हे पुरं व्हायला किती वेळ लागतो?"

"आता बगा, आठवड्याला एक तास मिळाला, तर..." आबांनी मिशीवरून हात फिरवला. "देव लई झालं ह्या टायमाला."

मुख्याध्यापकांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी हे सरळ हसून उडवायला हवं होतं. सरकारी माणूस, शिकलेला, जीपमधून आलेला. पण ते उठले, कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाले, "पुरं होऊ द्या आधी. मग बघू." आणि जीपमध्ये बसून गेले.

मांडलेलं सुंबरान असं आठवड्याला तासभर पुढे चालवायचं, हा कायदा खरंच होता की आबांनी तो ऑफिसच्या दारात उभं राहून रचला, हे मी त्यांना कधीच विचारलं नाही. मला नको होतं ते उत्तर. दर गुरुवारी आबा यायचे, मागच्या वेळचं पुढे चालू करायचे, आणि ओवी संपत आली असं वाटलं की तिच्यात एखादा नवा लढाईचा प्रसंग घालायचे. मुख्याध्यापक सोमवारी विचारायचे, "झालं का हो बाई?" मी म्हणायचे, "नाही सर, अजून देव बसलेलेच आहेत." पुढच्या जूनमध्ये त्यांनी नवं वेळापत्रक लावलं. गुरुवारी आठवीला संगीत होतं. त्यांनी ते स्वतःच्या हातानं लिहिलं होतं आणि माझ्याकडे न बघता वर्गावर निघून गेले.

त्याच पावसाळ्यात एका गुरुवारी वर्गाच्या दारात साहेब दिसले. जीप नव्हती, एसटीनं आले होते. बूट त्यांनी आधीच काढून हातात धरले होते. बरोबर त्यांची मुलगी होती, पुण्यातल्या इंग्रजी शाळेत जाणारी, माझ्या आठवीच्याच वयाची. मला इतकी सवय की पाहुणा बघताच माझा हात आपोआप पेटीवर गेला आणि स्वागतगीताचा पहिला सूर लागलासुद्धा. साहेबांनी हातानं नको म्हटलं.

"संपलं का, आबा?"

"कुठलं संपतंय, सायेब."

ते मुलीला घेऊन खाली बसले. आबांनी ढोल थांबवला नाही. रिंगणातून ते सरळ त्या मुलीसमोर आले आणि विचारलं, "देव कुठला गं तुझा, पोरी?"

तिला काही सांगता येईना. तिनं वडिलांकडे पाहिलं. वर्षभर मी त्यांच्यावर धरलेला राग अजून शाबूत होता, त्यामुळे मीही त्यांच्याकडेच बघत होते. त्यांनी या वेळी घड्याळ पाहिलं नाही की दार पाहिलं नाही. ताठ बसले आणि अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाले, "आमचा बिरोबा हाय. सांग, बाळा. मोठ्यानं सांग."