सोबतीचा शब्द

पनवेलच्या कोर्टाबाहेर एक टायपिस्ट टाइपरायटर घेऊन बसत, आणि मी आत कारकून होतो. लोकांचे इंग्रजी अर्ज तेच लिहीत. त्यांची एक खोड होती. इंग्रजी क्रियाविशेषण ते कधी एकटं सोडत नसत. 'रिस्पेक्टफुली' लिहिलं की पुढे 'अँड विथ फोल्डेड हँड्स' आलंच. मी हसलो की म्हणायचे, "भाऊसाहेब, एकट्या शब्दाकडे कोण बघतं? 'अँड' लावून त्याला सोबत द्यायची."

एकदा उरणकडची एक कोळीण आली. तिचा नवरा न्हावा शेव्याच्या रस्त्यावर ट्रेलरखाली सापडून गेला होता. त्याच्या जागी तिला नोकरी मागायची होती. पंचनाम्याची नक्कल मीच आणून दिली. तो माणूस दोन तास रस्त्यावर पाणी मागत पडला होता. त्यांनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि टाइप केलं, 'इन्स्टंटली अँड विदाउट पेन'.

मग तिला मराठीत सांगितलं, "तात्काळ गेले, आणि काही त्रास न होता."

"खरंच, भाऊ?"

"इंग्रजीत लिहिलंय ना, वहिनी."

नोकरी मिळाली नाही. तरी मासळी विकायला आली की ती पाटी उतरवायची, कमरेला खोचलेली त्या अर्जाची प्रत काढायची आणि म्हणायची, "तेवढंच परत वाचा, भाऊ. आमाला वाचता नाय येत."

ते कागदाकडे न बघताच वाचायचे. मी आत खिडकीशी ऐकत बसायचो, आणि पंचनामा ठेवलेल्या कपाटाकडे बघायचं टाळायचो.