गोलकीपरचा बटाटा

आमच्या हिच्या तोंडून सुटलेला फुटबॉलपटू जर्मनीतल्या ह्या र्युसेल्सहाइम गावात अजून जन्माला यायचाय. आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं तेही खेळाडू सोलायचंच. रविवार होता. आमच्या भागातला क्लब हंगामाचा शेवटचा सामना हरून खालच्या वर्गात गेला होता, आणि मैदानापासून घरापर्यंत ही एक शब्द बोलली नव्हती. घरात आल्यावर तिनं लुगड्यावर चढवलेला माझा कारखान्यातला जुना कोट काढला, टोपली ओढली आणि टेबलावर बटाटे मांडले. मागं एक गोलकीपर, त्याच्यापुढं दोन बॅक, मग तीन हाफ आणि पुढं पाच फॉरवर्ड. जर्मन लोक हल्ली मैदानात कसेही उभे राहोत, हिची मांडणी कोल्हापूरची. मग एकेकाची पाळी. ज्याचं बोलून झालं तो बटाटा माझ्याकडं सरकायचा, मी सोलायचा, पातेल्यात टाकायचा. हरलेल्या प्रत्येक रविवारी आमच्याकडं बटाट्याची भाजी असे, आणि क्लब असा गुणाचा की भाजीचा खंड म्हणून कधी पडला नाही. साल जाड निघाली की खेळाडू राहायचा बाजूला आणि गाडी माझ्यावर यायची. "निम्मा बटाटा सालीत घालवला. तुमास्नी बी बाहेर बसवाय पायजे."

त्या रविवारी गोलकीपरचा बटाटा तेवढा उरला. "ह्येचं सकाळी बघू," ती म्हणाली. "ह्येला निवांत येळ पायजे." जेवली, भांडी घासली, झोपली. सकाळी उठलीच नाही. डॉक्टर म्हणाला, हृदय. मी म्हटलं, हृदयाला काय झालं होतं, काल तर सेंटर फॉरवर्डला उभा सोलला तिनं. डॉक्टरनं माझ्या खांद्यावर थाप मारली. मला त्याचा हात झटकावासा वाटला.

खांद्यावरच्या ह्या थापेचाच तिला सगळ्यात जास्त राग. तिचं माहेर कोल्हापुरात मैदानाला लागून, भाऊ तालमीच्या टीममधून खेळायचे. हरून आलेल्या भावाला तिथं कुणी जवळ घेत नसे. पेठेतून घरी येईपर्यंत पानवाला, न्हावी, दुधाच्या कट्ट्यावरची म्हातारी, सगळे त्याला थांबवून त्याचं कुठं चुकलं ते सांगायचे, आणि घरी ही ताट वाढताना उरलेलं सांगायची. संस्थान गेलं, दरबारच्या गॅरेजमधली माझी मेकॅनिकची नोकरी गेली, आणि ओळखीच्या एका जर्मन इंजिनिअरनं मला इथल्या मोटारीच्या कारखान्यात लावून दिलं, तेव्हा ही पेठ सोडून आली खरी, पण पेठेची रीत बरोबर घेऊन आली. इथं पहिलाच सामना बघितला, क्लब चार गोलांनी हरला, आणि लोक 'शाडे, शाडे' म्हणजे 'वाईट झालं' म्हणत खेळाडूंच्या खांद्यावर थापा मारायला लागले. नंतर बिअर पीत गाणी म्हणाले. ही रस्ताभर धुमसत होती. "पोरगं हरलं आणि त्येला कोण काय बोलत न्हाई? परकं हाय का त्ये?"

हीच तिची सगळी फिलॉसॉफी. बोलणं खातो तो आपला. ज्याला कुणी बोलत नाही तो टाकलेला.

मग तिनं पेठेचं काम एकटीनं अंगावर घेतलं. लेफ्ट बॅक आमचाच पोस्टमन होता. सोमवारी तो टपाल घेऊन आला की दार उघडं आणि ही दारात. माझी दुसरी पाळी असली की मला उठवून दुभाषा म्हणून उभं करायची. माझं जर्मन कारखान्यातलं, नटबोल्टाचं. ही हात नाचवून दम लागेपर्यंत बोलायची, विंगर आला की हा बघत कसा उभा राहतो, पाठ कशी फिरवतो, त्याच्या पायात मेण ओतलंय का, आणि मी पोस्टमनला सांगायचो, "आल्झो, म्हणजे असं की, ती म्हणते जरा मागे राहा." ही माझ्याकडं संशयानं बघायची. "येवढ्या बोलण्याचं येवढंसंच जर्मन?" मी म्हणायचो, जर्मन भाषा आटोपशीर आहे. पोस्टमन टोपी काढून ऐकायचा. एकदा तो मला म्हणाला, माझ्या आईनंतर इतकं लक्ष देऊन मला कुणी बघितलेलं नाही. हे मी तिला मुद्दाम सांगितलं नाही. शेफारली असती.

सेंटर फॉरवर्ड आमच्याच कारखान्यात, रंगखात्यात कामाला. केसाला तेल, खिशात कंगवा, गोल हुकला तरी भांग जागेवर. नाताळाच्या जेवणाला क्लबात हिनं मटण केलं होतं, गावाहून आलेली चटणी घालून, आणि जर्मन लोक डोळ्यातून नाकातून पाणी गाळत मुकाट्यानं जेवत होते. वाढायला ही स्वतः. हाफला तीन तीन फोडी, बॅकला दोन, आणि सेंटर फॉरवर्डच्या ताटात नुसता रस्सा. त्यानं मला विचारलं, मटण संपलं का. मी तिला विचारलं. ती म्हणाली, "त्येला म्हणावं, मटण हाय की. त्येचा गोल कुठाय?" एवढं एक वाक्य मी शब्दाला शब्द सांगितलं. तो लालभडक झाला आणि उठून गेला. चेअरमनची बायको म्हणाली, असं वागू नये. पुढच्या सामन्यात त्यानं हेडरनं गोल मारला, भांगाचा पार विस्कोट झाला, आणि संध्याकाळी स्वारी हातात वाडगा घेऊन आमच्या दारात. तिनं आधीच मटण करून ठेवलं होतं.

आणि गोलकीपर म्हणजे आमच्या रस्त्यावरचा बेकरीवाला. हा तिचा लाडका, म्हणून त्याला बोलणी सगळ्यांत जास्त. सोमवारी त्याची बेकरी बंद, म्हणून मंगळवारी सकाळी पावाची पिशवी घेऊन ही काउंटरपाशी, मी शेजारी, मागं गिऱ्हाइकं खोळंबलेली. इथलं मैदान कोळशाच्या राखेचं, पडलं की कोपर खरवडून निघतं. त्याच्या कोपरावर खपली बघितली की ही खूश. खपली नसली की विचारायची, परवा उडी कुठं गेली होती?

हे सगळं ज्याच्या डोळ्यांसमोर झालं तो क्लबचा चेअरमन ती गेली त्या सोमवारी दुपारी काळा कोट घालून आमच्या घरी आला, आणि म्हणाला, "फार शांत बाई होत्या. कधी कुणाला वाईट बोलल्या नाहीत." माझ्या डोक्यात तिडीक गेली. अरे, ती तुला टीम निवडता येत नाही म्हणून दर रविवारी तुझ्या तोंडावर सांगत होती. मेलेल्या माणसाला गोड करून टाकायचं हे काय काढलंय? तिखट बाई होती ती. तशीच पाहिजे मला. मी त्याला म्हटलं, तुमची आणि तिची भेटच झालेली दिसत नाही. पोस्टमन आणि सेंटर फॉरवर्ड दाराशी उभे होते, ते बुटाकडं बघत राहिले. गोलकीपर आलाच नव्हता. पोस्टमननं मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, तो दुकानामागं बसून आहे. पडलेला गोल माझ्यामुळं पडला, सामना झाल्यावर फ्राऊ, म्हणजे बाई, माझ्याकडं न बघता निघून गेल्या, त्यांनी मला टाकलं, असं म्हणतोय.

तेवढ्यात शेजारीण टेबल आवरायला गेली आणि तिनं तो बटाटा उचलला. मी असा ओरडलो की तिनं तो होता तिथं ठेवला आणि रडायला लागली. भली बाई, सूप घेऊन आली होती. पण त्या बटाट्याचं बोलणं राहिलं होतं, आणि ती बोलणारी गेली होती. ते पोरगं जन्मभर समजून राहणार की त्याला टाकलं. ह्याचा मला तिच्यावरसुद्धा राग आला. दहा जणांचं सांगायला वेळ होता. एकाला ठेवलं कशाला सकाळवर?

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, मी तिची पावाची पिशवी घेतली आणि बेकरीत गेलो. आत चारपाच बायका होत्या, मला बघून बाजूला झाल्या. गोलकीपरनं काही न विचारता नेहमीचे दोघांचे पाव पिशवीत टाकले. डोळे सुजलेले. "हेर्त्सलिशेस बायलाइड," म्हणजे दुःखात सहभागी आहे, असं काहीसं पुटपुटला आणि माझ्या खांद्याकडं हात आणला. मी तो धरून खाली ठेवला. त्यानं खालच्या आवाजात विचारलं, "फ्राऊ माझ्याबद्दल काही बोलल्या का?"

ती बोलली नव्हती. पण तो सामना मी तिच्या शेजारी उभा राहून बघितला होता, आणि गोल पडला तेव्हा तिनं माझं मनगट कुठल्या क्षणी आवळलं ते मला ठाऊक होतं.

"तुला तिनं शेवटी ठेवलं होतं," मी म्हटलं. "निवांत बोलायला. आता ऐक. बॉल आला तेव्हा तू गोल सोडून निघालास. निघालास ते बरोबर. अर्ध्यावर थांबलास का? यायचं तर पुरतं यायचं, नाहीतर जागा सोडायची नाही. अर्ध्यावर उभा राहिलेला माणूस काय कामाचा? ना गोल राखला, ना बॉल घेतला. आणि कोपर बघ तुझं, एक ओरखडा नाही. हरलास आणि अंग कोरडं घेऊन घरी गेलास. लाज वाटली पाहिजे."

मी काही आटोपशीर केलं नाही. नटबोल्टाचं जर्मन संपलं तिथं मराठीत बोललो. तो पिठाचे हात दोन्ही बाजूंना सोडून, ताठ उभा राहून ऐकत होता. माझं संपल्यावर त्यानं मोठा श्वास सोडला.

"हो," तो म्हणाला. "गेनाऊ, अगदी बरोबर. अर्ध्यावर थांबलो." आणि मग, "पुढच्या हंगामात नाही थांबणार. सांगा त्यांना."

सांगतो म्हटलं.

घरी आलो. कोट तिच्या कोटाच्या खुंटीशेजारी अडकवला. टेबलावरचा बटाटा घेतला, खुर्ची ओढली आणि सोलायला बसलो. सावकाश सोलला. तरी साल जाडच निघाली. कुणी काही बोललं नाही.