उम्म सलालमध्ये भरलेली सायबेरियाची सभा

माझे वडील गोदावरीकाठच्या एका क वर्ग नगरपालिकेत हेडक्लार्क होते. त्यामुळे घरपट्टी, पाणीपट्टी, सर्वसाधारण सभा, कोरम हे शब्द मी बाराखडीच्याही आधी शिकले असेन. या ज्ञानाचा पुढे काडीचा उपयोग होईल असं मला कधी वाटलं नव्हतं. झाला, आणि तोही कतारमध्ये बसून, सायबेरियातल्या एका गावासाठी. सांगितलं तर लोक हसतात, म्हणून आता लिहूनच काढते.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा आम्ही कतारमधल्या उम्म सलाल मोहम्मदला राहायला गेलो. नवरा गॅसच्या प्रकल्पावर इंजिनिअर. एका म्हाताऱ्या कतारी मालकाने आपल्या मोठ्या व्हिलात भिंती घालून तिचे सहा भाग केले होते आणि सहा कुटुंबांना दिले होते. त्यातला एक आमचा. आमच्या भिंतीला लागून रशियन जोडपं आलं. तो वेल्डिंग तपासायचा, पहाटे जायचा तो अंधार पडल्यावर उगवायचा. ती पन्नाशीची, थोराड हाडाची, केस करडे, चाल अशी की बाजूला व्हावंसं वाटावं.

आल्याच्या आठवड्यातच तिने माझं दार वाजवलं. मी कचऱ्याचा डबा चुकीच्या बाजूला ठेवते, गाडीवाल्याला उलटं वळावं लागतं, असं तिने मला सुनावलं. मी काय ऐकून घेणारी होय? म्हटलं, "बाई, हे सांगणाऱ्या तुम्ही कोण?"

"मी डेप्युटी हेड ऑफ टाऊन," ती शांतपणे म्हणाली.

"कुठल्या टाऊनच्या?"

तिने नाव सांगितलं, ते काही माझ्या जिभेवर बसेना. मग हाताने लांबवर उत्तरेकडे दाखवलं. मला हसू आवरेना. तिला आत बोलावलं, चहा टाकला, आणि माझे वडील नगरपालिकेत होते म्हणून सांगितलं. झालं. माहेरचं माणूस भेटावं तसा तिचा चेहरा खुलला. "पाणी कोण सोडायचं? किती वाजता?" हा तिचा पहिला प्रश्न. दोघींचंही इंग्रजी तोडकंमोडकं, पण नळ, पाइप, बिल आणि मीटिंग एवढ्यावर आमचं उत्तम जमलं. माझ्याहून मोठी म्हणून मी तिला ताई म्हणू लागले. तिला तो मान वाटला असावा, कारण तीही मला ताईच म्हणायला लागली, आणि ते दुरुस्त करण्याच्या भानगडीत मी पडले नाही.

तिच्या गावाचा इतिहास मी भाजी निवडता निवडता ऐकला. आधी म्हणे राजाच्या शिपायांनी नदीकाठी लाकडी किल्ला बांधला. जंगलातल्या लोकांकडून कर म्हणून जनावरांची कातडी घ्यायची, तिथे साठवायची. मग एका राणीने त्याला शहराचा दर्जा दिला, शिक्का दिला, शिक्क्यावर मासा. पुढे राजाला नकोसे झालेले लोक तिथे पाठवले, मग पुढच्या सरकारला नकोसे झालेले. शाळेतले सगळ्यात चांगले मास्तर त्यातलेच, असं ती सांगायची. नंतर लाकडाचा कारखाना आला, बोटी दुरुस्त करायचा धक्का आला, गाव भरलं. आणि देश फुटला तसा कारखाना बंद पडला, तरुण पोरं गेली, दवाखाना गेला, शाळा गेली. राहिलं काय, तर नदी, म्हातारी माणसं आणि प्रशासन.

प्रशासनात तिच्याकडे दोन खाती, पुरवठा आणि गरमी. हो, गरमी. गावात एक मोठा बॉयलर, त्याचं गरम पाणी पाइपांतून घराघरांत फिरतं, म्हणून माणसं जगतात. पाइप फुटला तर लोक हिच्या दारात. माझ्या वडिलांच्या दारात लोक हंडे घेऊन यायचे, हे मी सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की डोळे पुसावे लागले. पुरवठ्याचं तर विचारूच नका. गावाला रस्ता नाही; ऐन थंडीत गोठलेल्या नदीवरून एखादा ट्रक येईल तेवढाच. उन्हाळ्याचे चार महिने नदी वाहते, तेवढ्यात पीठ, बटाटे, कोळसा, औषधं, सगळं बोटीने आणून ठेवायचं. सप्टेंबर सरता सरता वर्षातली शेवटची बोट सुटायची. तेव्हा प्रशासनातलं कोणीतरी काठावर उभं राहायचं आणि बोट वळणाआड जाईपर्यंत तिथून हलायचं नाही, असा त्यांचा रिवाज. मागे राहणाऱ्यांना दिसायला हवं, की बघा, आम्हीही इथेच आहोत. बरीच वर्षं ते काम हिचं होतं, आणि म्हातारी आई तिच्या शेजारी उभी असायची.

ही सवय माणसात किती मुरते ते मला पहिल्याच मे महिन्यात कळलं. शाळा संपत आल्या, तशी सगळी बिऱ्हाडं सामान बांधायला लागली. जून ते सप्टेंबर इथे कोण थांबतं? हिने ते पाहिलं आणि आपल्या हिशेबाने अर्थ लावला, की वाट बंद व्हायची वेळ आली. एका सकाळी टेम्पो येऊन उभा. बटाट्याची पोती, कांदे, पीठ, मेणबत्त्या. वर पाण्याचा टँकर मागवून सहाही घरांच्या टाक्या काठोकाठ. पलीकडचा रत्नागिरीचा क्लार्क बायकोला म्हणाला, "अगो, युद्ध लागतंय की काय?" तोवर मालक आला. त्याने पोती पाहिली, तिच्याकडे पाहिलं, आणि "मॅडम, बकाला ओपन, ऑल समर ओपन" असं चार वेळा सांगितलं. कोपऱ्यावरचं किराणा दुकान त्या उन्हातही उघडं राहतं, यावर तिचा विश्वास बसायला जुलै उजाडला. आम्ही सुट्टीवरून परतलो तेव्हा बटाट्यांना हातभर मोड आले होते. वाचलेले सहा घरांनी मिळून खाल्ले. माझ्या मुलीने बटाट्याची भाजी पाहिली की "मम्मा, नॉट अगेन" सुरू केलं होतं.

अशी काही वर्षं गेली. आणि एका ऑगस्टमध्ये, आम्ही सुट्टीवरून जरा लवकर परतलो होतो, ती माझ्याकडे आली ती बसलीच नाही. वरच्या जिल्हा कचेरीने ठराव केला होता. यंदा बॉयलर पेटणार नाही. गाव यादीतून काढलं. उरलेल्या सगळ्यांनी शेवटच्या बोटीने निघायचं, जिल्ह्याच्या गावी त्यांना खोल्या मिळतील.

"आणि आई?" मी विचारलं.

"आई म्हणते, नाही."

ऐंशीला टेकलेली एकटी बाई, उणे चाळीसची थंडी, आणि बॉयलर बंद. पुढचं कोणी सांगायची गरज नव्हती. त्या बोटीत आई चढली तर जगेल, नाहीतर नाही.

मग फोन सुरू झाले. तिकडे आपल्यापेक्षा चार तास पुढे, म्हणून दुपारची जेवणं उरकली की ती कॉलिंग कार्डं घेऊन माझ्या स्वयंपाकघरात यायची. तिच्या घरात एकटीने फोन करवत नाही म्हणायची. आई काय म्हणते ते मला इंग्रजीत सांगायची. म्हातारीचं म्हणणं असं, की गावचा हेड हेलिकॉप्टरमध्ये बसून आधीच पळाला. "तू अरबांच्यात जाऊन बसलीस. गावात सात माणसं जायला तयार नाहीत. त्यांना बोटीत बसवणार कोण? आपलं घर प्रशासनाचं. ती सातही आत बसल्याशिवाय मी जागची हलायची नाही."

मला म्हातारीचा राग आला आणि खरं सांगते, अभिमानही वाटला. आमच्याकडे पूर आला की नगराध्यक्ष नाशिकला आणि हेडक्लार्क कमरेएवढ्या पाण्यात, हे मी लहानपणी पाहिलेलं आहे.

"मग त्या सातांना तूच बसव," मी म्हटलं. "घे इथूनच सभा."

खरंच घेतली. बोटीच्या धक्क्यावर एक फोन होता. आईने त्या सातांना तिथे गोळा करायचं आणि हिने इकडून बोलायचं. माझ्या ओट्याला टेकून, एका कानाला फोन, दुसऱ्या कानावर हात, असा तिने कारभार केला. पहिल्या दोन सभा पार फसल्या. ती थंडीची भीती घालायची, तिकडून म्हातारे म्हणायचे, थंडी काय आम्हाला नवीन आहे? एक म्हातारा तर फोनवर यायलाच तयार नव्हता, आणि बाकीचे त्याच्याकडे बघून अडले होते.

तेव्हा मला वडिलांची रीत आठवली. पुरात माणसं घर सोडत नाहीत. वडील कधी "चला, निघा" म्हणायचेच नाहीत. आधी शेळ्या सोडायचे, कोंबड्या टोपलीत घालून उंचावर न्यायचे. जनावर गेलं की माणूस शिव्या देत मागोमाग यायचा. मी तिला म्हटलं, "ताई, त्याला माणसांचं काही विचारू नकोस. त्याच्याकडे जनावर काय आहे ते विचार."

गाय होती. गावातली शेवटची. बोटीवर गुरं घ्यायची नाहीत असा हुकूम होता, आणि म्हातारा ती गोष्ट कोणाजवळ बोलला नव्हता. गाईसाठी अडून बसलाय असं लोकांनी म्हटलेलं त्याला नको होतं. आमच्या बाईसाहेबांनी मग बोटीच्या कप्तानाला फोनवर जे काही झापलं, त्यातला एकही शब्द मला कळला नाही आणि तरी सगळं कळलं. माझा नवरा त्या वेळी पाणी प्यायला आत आला होता, तो ग्लास तसाच ठेवून बाहेर गेला. गाय मंजूर झाली. गाय निघाली म्हणून म्हातारा निघाला, म्हातारा निघाला म्हणून बाकीचे सहा. शेवटी आई फोनवर आली. म्हणाली, "हे सगळे चढले की माझं काम संपलं. माझी ट्रंक बोटीवर चढवलीसुद्धा."

त्या दिवशी मी पुरणपोळ्या केल्या. सहाही घरांत वाटल्या. ती दोन पोळ्या खाऊन तिसरी मागून घेत होती आणि आईसाठी कतारच्या व्हिसाचं कसं करायचं ते माझ्या नवऱ्याला विचारत होती.

दोन दिवसांनी जिल्ह्याच्या गावाहून गाईवाल्या म्हाताऱ्याचा फोन आला. ती माझ्याच घरात होती. ऐकता ऐकता खाली फरशीवर बसली.

बोटीत सातही जण बसले, गाय बसली, ट्रंक होतीच. आईने स्वतः दोर सोडून आत फेकला आणि काठावरच राहिली. लोकांनी आरडाओरडा केला. पण नदीचं पाणी ओसरलं होतं, बोट वळवली असती तर रेतीत रुतली असती, कप्तान थांबला नाही. बोट वळणाआड जाईपर्यंत म्हातारी जागची हलली नाही.

माझा असा संताप झाला की काय सांगू. "अगं पण कोणाला दाखवायला उभी राहिली ती? मागे होतं कोण?"

"गाव होतं ना," ती म्हणाली. आणि मग लहान पोरीसारखी रडायला लागली. तिला मी त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. मीही रडले.

तिसऱ्या दिवशीच्या विमानात तिला जागा मिळाली. कपाटात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला जाडजूड कोट निघाला. मी डिंकाचे लाडू वळले, बाहेर अजून चाळीस डिग्री असताना. तिच्या नवऱ्याने तिला अडवलं नाही, नुसता तिच्या बुटांना ग्रीस लावत बसला होता. नंतर त्याच्याकडूनच कळलं, की नदीवर बर्फ धरायच्या आत एका कोळ्याने तिला मोटारबोटीतून गावात सोडलं आणि लगेच माघारी फिरला. परतीची वाट बंद झाली. त्यानंतर काहीच कळेना. इथे डिसेंबरात जरा गारवा आला, आम्ही स्वेटर काढले, की मला कसंतरीच व्हायचं.

जानेवारीत तिचा फोन आला. नदी गोठून तिच्यावरून ट्रक चालायला लागले होते. एका ट्रकमधून ती पीठ आणि औषधं न्यायला जिल्ह्याच्या गावी आली होती, पोस्टातून बोलत होती. आवाज घोगरा झाला होता.

"आई कशी आहे?" मी आधी तेच विचारलं.

"ठणठणीत. रोज भांडते."

"कशावरून?"

"हीटिंगवरून. म्हणते, चूल नीट पेटत नाही, प्रशासनाचं लक्ष नाही. मी लाकडं फोडते, ती तक्रार करते."

मला हसू आलं. म्हटलं, "ताई, खरं सांग. उन्हाळ्यात नदी मोकळी झाली की तिला घेऊन येशील ना?"

"मी ठराव मांडला," ती म्हणाली. "रीतसर. मी बाजूने, ती विरोधात. मतं समान."

हेडक्लार्कची मुलगी मी, मला राहवलं नाही. "अगं, मतं समान पडली तर अध्यक्षाचं जादा मत असतं, त्यावर निकाल लागतो. अध्यक्षस्थानी कोण होतं?"

"आई," ती म्हणाली.