सामंत मॅडमची भिंत

सामंत मॅडम आमची पत्रकं पेन्सिल घेऊन वाचायच्या. कॉलेजच्या गेटवर आम्ही विद्यार्थी संघटनेची मुलं ती वाटायचो, तेव्हा बाकीचे प्राध्यापक घडी करून खिशात कोंबायचे. मॅडम तिथेच उभ्या राहून वाचायच्या, शब्दांखाली रेघा ओढायच्या आणि कागद मला परत द्यायच्या. "'सगळे', 'नेहमीच', 'कधीही नाही'. हे तू पाहिलंयस का गं?" मी चिडायचे. पत्रक म्हणजे काय वनस्पतिशास्त्राचा प्रबंध आहे?

वनस्पतिशास्त्र त्यांचा विषय. त्यांची प्रयोगशाळा बोरिवलीच्या आमच्या कॉलेजात तिसऱ्या मजल्यावर, पश्चिमेच्या भिंतीला लागून. दुपारनंतर ती भिंत तव्यासारखी तापायची. एकदा प्रॅक्टिकल चालू असताना एक मुलगी चक्कर येऊन पडली, तेव्हापासून मॅडमनी ध्यासच घेतला, की या भिंतीवर वेल चढवायचे. हरित इमारतींसाठी पालिकेचा निधी असतो असं कळल्यावर अर्ज केला आणि वॉर्ड ऑफिसच्या बाकावर बसून बसून तो मंजूर करून घेतला. निवृत्ती जवळ आली होती. ती खोली थंड झालेली बघून जायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

मंजुरीत शब्द होता 'हरित भिंत'. दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्ही आलो, तर ठेकेदाराने भिंत हिरवी रंगवून ठेवलेली. चकचकीत ऑइल पेंट.

माझं डोकं फिरलं. लोकांच्या पैशाची ही थट्टा. संध्याकाळपर्यंत पत्रक तयार होतं: 'हिरवा रंग, काळा कारभार'. वाटलं, आज तरी पेन्सिल निघणार नाही. मॅडमनी वाचलं, आधी मनापासून हसल्या, मग म्हणाल्या, "घोषणा झकास आहे. पण 'सगळे अधिकारी विकले गेलेत', हे कुणी पाहिलं? पत्रकातलं नको. भिंतीवर काय आहे ते सांग."

भिंतीवर रंग आहे, दुसरं काय, असं मी फणकारले. मग तेवढंच लिही, म्हणाल्या. लिहिलं. आमचं आजवरचं सगळ्यात छोटं पत्रक: 'वेलींसाठी मंजूर झालेल्या पैशातून भिंतीला रंग दिला आहे. दुपारी येऊन हात लावून बघा.'

ते घेऊन मॅडम वॉर्ड ऑफिसात गेल्या. तिथले इंजिनिअर साहेब म्हणाले, फाइल बंद झाली, आणि भिंत हिरवी आहे ना, मग? मॅडम भांडल्या नाहीत. चहाला या म्हणाल्या, आणि येईपर्यंत म्हणत राहिल्या. होळीनंतर एकदाचे साहेब आले. मॅडमनी त्यांना भिंतीलगतच्या स्टुलावर बसवलं. वर पंखा गरम हवा ढवळत होता. माझ्या जिभेवर घोषणा तयार होती; मॅडमनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. अर्धा कप संपेपर्यंत साहेबांचा शर्ट पाठीला चिकटला. उठून त्यांनी भिंतीला तळवा लावला आणि झटकन काढून घेतला.

"मुलं कशी बसतात हो इथे?"

"तुम्ही बसलात तशीच," मॅडम म्हणाल्या. "फक्त चहा नसतो."

ठेकेदाराला परत यावं लागलं. तारेची जाळी लागली, खाली मातीचा वाफा झाला, आणि पावसाच्या तोंडावर मॅडमनी स्वतःच्या हाताने मधुमालती लावली. लगेच निवृत्त झाल्या. मग आजारी पडल्या आणि बहिणीकडे गावी, मालवणला गेल्या. फोनवर तब्येतीचं विचारू द्यायच्या नाहीत. आधी प्रश्न, वेल कुठवर गेला?

दुसऱ्या पावसाळ्यातला शेवटचा फोन. आवाज फार खोल गेला होता. मी म्हटलं, मॅडम, तिसऱ्या मजल्यावर पोचला, खिडकीत फुलांचे झुपके लोंबतायत. गावी गेल्यावर त्यांच्या तोंडी परत आलेल्या मालवणीत म्हणाल्या, "पत्रकातला नको गो. भिंतीर काय आसा ता सांग."

"खिडकीच्या खाली आहे. हातभर."

"मगे पोचतलो तो वेल," मॅडम म्हणाल्या. हसल्या असाव्यात.

दसऱ्यानंतर त्या गेल्या. शोकसभेचं पत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलं. 'थोर', 'अजोड', 'कधीही भरून न येणारी'... लिहिलं, पेन्सिल घेतली आणि सगळ्यांखाली रेघा ओढल्या. उरलं ते एवढं: पश्चिमेच्या भिंतीवर मधुमालती आहे. खिडकीच्या वीतभर खाली. दुपारी भिंतीला हात टेकवता येतो.