व्याह्यांना पाहायला आलेलं गाव

आमच्या एकोडीत कोणी आजारी पडलं की त्याला पाहायला जावंच लागतं. न जाणाऱ्याला माणसात धरत नाहीत. माझे होणारे व्याही पडले नेदरलँड्सचे. त्यांना हे कोण सांगणार?

लेक तिकडे नोकरीला, लग्न तिथल्याच मुलाशी, पण एकोडीत ठरलेलं. मुलाचे वडील आणि मी व्हिडिओ कॉलवर तोडक्यामोडक्या इंग्रजीत मनसोक्त गप्पा मारायचो. एकदा ते आवाज खाली आणून म्हणाले, "माझं हृदयाचं ऑपरेशन आहे. कोणाला सांगू नका."

मी छातीवर हात ठेवून शब्द दिला आणि फक्त मोठ्या बहिणीला सांगितलं. सख्खी बहीण कोणात मोजायची असते का?

ऑपरेशननंतर त्यांचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा आमचं अंगण भरलं होतं. बहिणीने अख्खा मोहल्ला बोलावला होता. एकेक जण फोनपुढे बसून रोग्याला पाहू लागला.

"चेहरा तं पार उतरून गेला, बाप्पा!"

"पेज पाजा म्हणा त्यायले."

"माझ्या साळ्याले बी हेच झालं होतं," एका म्हाताऱ्याने धीर दिला. "चांगला होता गा. मंग गेला."

तिकडून लेक भाषांतर करत होती. साळा गेल्यावर तीही थांबली. फोन बंद झाला.

संध्याकाळी तिचा निरोप आला. "बाबा, ते म्हणतात, तुमच्यावर भरवसा ठेवून चूक झाली. लग्नाला एकोडीला येणार नाहीत."

मी माफीचे चार मेसेज पाठवले. फुलांची चित्रंसुद्धा टाकली. उत्तर नाही. शेवटी मी त्यांना माझं एक दुखणं लिहून कळवलं. बायकोखेरीज ते कोणालाच ठाऊक नाही, आणि ते असं आहे की गावात कळलं तर मी चौकात बसू शकणार नाही. खाली लिहिलं, 'आता मी तुमच्या हातात आहे.'

दुसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला. "काय लिहिलंत त्यांना? हसून हसून टाके दुखून राहिले त्यांचे, पण सांगत नाहीत. लग्नाला येतो म्हणतात."

बहीण मला जेवायला वाढत होती. फोन स्पीकरवर होता, तिने सगळं ऐकलं.

"काय लिवलं गा तू त्यायले?"

"काही नाही."

"मले बी नाही सांगत?"

"तुले बी नाही."

तिने भाजीचं पातेलं उचलून आत नेलं. मी कोरडा भात खाल्ला, पण तोंड उघडलं नाही.