सुमनबाईंची खुर्ची

सुमनबाई भर उन्हात लोकांची दारे वाजवीत आणि पाण्याऐवजी खुर्ची मागत. "घरात पडून असन तं भायेर ठेवा जी. पाय थकते, मानूस थकत नाही."

दिग्रसच्या आमच्या वस्तीपासून बँकेपर्यंतचा रस्ता म्हाताऱ्या पायांना लांबच पडे. वाटेत टेकायला जागा नव्हती. जिनिंगमध्ये आयुष्यभर कापसातला कचरा वेचलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या या बाईंनी दोन महिन्यांत त्या रस्त्यावर दारोदारी खुर्च्या मांडविल्या. एखादीचा हात मोडलेला, एखादी सुतळीने बांधलेली. पेन्शनच्या दिवशी म्हातारी माणसे या खुर्चीवरून त्या खुर्चीवर विसावत बँक गाठू लागली.

मला ते सहन झाले नाही, हे लिहितानाही संकोच वाटतो. याच रस्त्यावर बाके बसवावीत, असा चार पानी अर्ज मी, मराठीचा निवृत्त शिक्षक, कितीतरी आधी लिहिला होता. नगर परिषदेत जाऊन बोलावे लागेल, या धास्तीने तो कपाटातच राहिला. आमच्या घरातूनही "सुमनबाईंचं डोकं पाहा!" असे कौतुकाचे उद्गार निघाले, तेव्हा मी जेवण अर्धवट टाकून उठलो.

त्या माझ्याकडे आल्या तेव्हा मी म्हणालो, "खुर्ची चोरीला जाईल."

"जाऊ द्या नं मास्तर. चोर बी तिच्यावर बसनच!"

मी फाटक लावून घेतले. साऱ्या रस्त्यात माझेच दार खुर्चीवाचून राहिले.

पुढे एका दुपारी फाटक खडखडले. सुमनबाई दोन्ही हातांनी गज धरून उभ्या होत्या. श्वास ठरत नव्हता. मी धावत खुर्ची बाहेर आणली. त्या सावरल्या आणि माझ्या तोंडून लहान मुलासारखे निघून गेले, "बाकांचा अर्ज तुमच्याआधी मी लिहिला होता."

त्यांनी पदराने कपाळ पुसले. "मंग देल्ला काहून नाही? मले लिवता आलं असतं, तं दारोदार कायले फिरली असती?"

ती खुर्ची मी परत आत नेली नाही.

त्या हिवाळ्यात सुमनबाई गेल्या. तेराव्यानंतर मी अर्ज कपाटातून काढला, नगर परिषदेत गेलो आणि अडखळत का होईना, बोललो. बाके अजून आलेली नाहीत. खुर्ची मात्र रोज सकाळी मी पुसून ठेवतो. परवा तिच्यावर टेकलेल्या एका आजोबांनी विचारले, "हे सुमनबाईची खुर्ची न?"

खुर्ची माझी होती. क्षणभर तसे सांगावेसेही वाटले.

"हो," मी म्हणालो, "त्यांचीच."